एकाच वाफेला पाच वेळा राबवायचे: साखर कारखान्याचा खर्च नेमका कुठे वाचतो

साखर कारखान्यात साखर तयार होत नाही. ती शेतातच, उसाच्या कांड्यात तयार झालेली असते. कारखान्याचे काम ती पाण्यातून सोडवण्याचे. ऊस कापला की त्यात जवळजवळ ७० टक्के पाणीच असते, आणि रस काढताना आपण वरून आणखी पाणी घालतो. हे सगळे पाणी उकळून उडवायचे, मग दाणा पाडायचा. त्यामुळे साखर कारखाना हे मुळात पाणी आटवण्याचे एक प्रचंड यंत्र आहे, आणि त्याच्या खर्चाचा हिशेब शेवटी वाफेपाशी येऊन थांबतो.

सभासदांच्या सभेत उताऱ्यावर, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघाली यावर, तासन् तास बोलणे होते. उसाचा दर, पहिली उचल, तोडणी-वाहतूक यावरही होते. वाफेवर कोणी बोलत नाही, कारण तो इंजिनिअर लोकांचा विषय समजला जातो. पण शाळेतले टक्केवारीचे गणित येत असेल तर हा विषय कोणालाही कळतो. त्यात प्रत्येक टनामागे शेतकऱ्याचे पैसे अडकलेले आहेत, म्हणून तो कळायला हवा.

आधी १०० टन उसाचा हिशेब

१०० टन ऊस गव्हाणीत पडला असे धरू. मिलमध्ये तो पिळताना शेवटच्या टप्प्यावर सुमारे ३० टन गरम पाणी मारतात, त्याला इंबिबिशन म्हणतात. चोथ्यात अडकलेली साखर धुऊन काढणे हा त्याचा हेतू. बाहेर पडतो साधारण १०० टन रस आणि २९ टन चिपाड, म्हणजेच बगॅस. या बगॅसमध्ये निम्मे पाणीच असते.

रसात विरघळलेले घन पदार्थ १५ टक्क्यांच्या आसपास. त्याचा सिरप करायचा म्हणजे हे प्रमाण ६० टक्क्यांवर न्यायचे. १५ टन घन पदार्थ ६० टक्क्यांच्या सिरपमध्ये असतील तर सिरपचे वजन २५ टन. म्हणजे ७५ टन पाणी उडवायला हवे.

इंधन काय आहे? तेच २९ टन बगॅस. एक टन बगॅस जाळली की सव्वादोन टनांच्या आसपास वाफ मिळते. एकूण ६४-६५ टन. आता पाहा: एक टन पाणी उडवायला ढोबळमानाने एक टन वाफ लागते. ७५ टन पाण्याला ७५ टन वाफ हवी आणि हातात आहे ६५ टन. रस तापवायला आणि साखरेचा दाणा पाडायला लागणारी वाफ तर अजून मोजलेलीच नाही. या हिशेबाने जगातला एकही साखर कारखाना स्वतःच्या चिपाडावर चालू शकला नसता.

कोल्हापूरकडचे गुऱ्हाळ चालते ते याच पद्धतीने. चुलवाणात चिपाड जळते, वर काहील, आणि रसातून निघालेली वाफ थेट आभाळात. तिथे हे भागते, कारण गुऱ्हाळवाला घाण्यात वरून पाणी घालत नाही आणि चिपाड उन्हात खडखडीत वाळवून मगच जाळतो. रोज हजारो टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याला एवढे चिपाड अंथरून वाळवायला जागा कुठून मिळणार? त्याला दुसरी वाट शोधावी लागली.

आभाळात जाणारी वाफ परत पकडणे

ती वाट दाखवली नॉर्बर्ट रिलिए या माणसाने. जन्म १८०६, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा. आई कृष्णवर्णीय, वडील गोरे, शिक्षण फ्रान्समध्ये. लुइझियानात तेव्हा गुलाम मजूर उकळता रस एका उघड्या कढईतून दुसरीत पळ्यांनी ओतत असत. भाजणे रोजचेच होते आणि लाकूडही अफाट जळत होते. रिलिएने १८४३ मध्ये बंद भांड्यांच्या संचाचे पेटंट घेतले. जगभरचे साखर कारखाने आजही त्याच तत्त्वावर चालतात.

तत्त्व असे. पाणी १०० अंशांवर उकळते ते हवेच्या नेहमीच्या दाबाला. दाब कमी केला की ते कमी तापमानाला उकळते. म्हणून पाच बंद भांडी एकापुढे एक ठेवायची. कारखान्यात त्यांना पहिली बॉडी, दुसरी बॉडी असे म्हणतात. पहिलीत टर्बाइनमधून बाहेर पडलेली एक्झॉस्ट वाफ द्यायची. रस उकळतो, त्याच्यातून नवी वाफ निघते. ही वाफ थोडी थंड असते, पण दुसऱ्या बॉडीत दाब कमी ठेवलेला असल्याने तिथला रस उकळायला ती पुरते. दुसरीची वाफ तिसरीला, तिसरीची चौथीला. पाचवीत पंपाने इतकी पोकळी ओढलेली असते की रस ५५-६० अंशांनाच उकळतो.

एक टन वाफ पहिल्या बॉडीत दिली की पाच बॉड्यांमधून मिळून पाच टनांच्या आसपास पाणी उडते. ७५ टनांचे काम १५-१६ टनांत होते. उष्णता नव्याने निर्माण झालेली नाही. एक किलो पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ८० किलोकॅलरी लागतात, आणि १०० अंशांच्याच पाण्याची वाफ करायला ५४०. ही ५४० वाफेच्या पोटात तशीच असते. वाफ गार होऊन पाणी झाली की ती परत मिळते. गुऱ्हाळात ती वाऱ्यावर जाते, कारखान्यात ती पुढच्या भांड्यात कामाला लागते.

मग १०० टन उसाला १५ टन वाफ पुरायला हवी. प्रत्यक्षात जुन्या कारखान्यांत ५० टनांपर्यंत लागते. कारखान्याच्या भाषेत ‘स्टीम पन्नास टक्के’. उरलेली ३५ टन जाते कुठे?

रस तापवण्यात बारा-एक टन. कच्चा रस ३० अंशांचा येतो आणि तो शंभरीच्या वर न्यावा लागतो. पॅनमध्ये सिरप शिजवून दाणा पाडण्यात पंधरा ते वीस टन. बाकी गळती, उघडे पाइप, धुणे-पुसणे, थांबणे-सुरू होणे.

रिलिएचे दुसरे तत्त्व इथे कामी येते, आणि मला ते पहिल्याहून सुंदर वाटते. रस तापवायला टर्बाइनची ताजी एक्झॉस्ट वाफ का वापरायची? ६० अंशांपर्यंत तापवायला ७०-८० अंशांची वाफसुद्धा चालते, आणि तशी वाफ मागच्या बॉड्यांमधून निघतच असते. तिथूनच थोडी काढून घ्यायची. याला व्हेपर ब्लीडिंग म्हणतात. नियम सोपा आहे. पाच बॉड्यांच्या संचात पहिल्या बॉडीची एक टन वाफ बाहेर वापरली तर एक पंचमांश टन ताजी वाफ वाचते, दुसरीची वापरली तर दोन पंचमांश, चौथीची वापरली तर चार पंचमांश. कारण त्या वाफेने चौथीपर्यंत येताना चार वेळा पाणी उडवलेले असते.

म्हणजे तापवण्याची बारा टनांची गरज सरासरी तिसऱ्या बॉडीवर टाकली की सात टन वाचतात. पॅनची अठरा टनांची गरज दुसऱ्या बॉडीवर टाकली की आणखी सात. पन्नासवरून छत्तीस. हे कागदावरचे स्वप्न नाही. नीट मांडणी केलेले कारखाने आज ३५ ते ४० टक्क्यांवर चालतात. यासाठी मागच्या आणि पुढच्या बॉड्यांचे क्षेत्रफळ मात्र पुरेसे हवे. म्हणून जुन्या संचात नुसते पाइप जोडून भागत नाही. फॉलिंग फिल्म पद्धतीच्या बॉड्या बसवतात त्याचे कारण हेच. त्यांत रस नळ्यांच्या आतून पातळ थराने खाली वाहतो. तापमानातला थोडा फरकही उकळायला पुरतो आणि साखर जास्त वेळ आचेवर राहत नाही.

सगळ्यात महाग पाणी पॅनमध्ये असते

सुपरवायझरपासून पॅनमनपर्यंत प्रत्येकाला ही एक गोष्ट समजली पाहिजे असे मला तळमळीने वाटते. इव्हॅपोरेटरमध्ये, म्हणजे या पाच बॉड्यांच्या संचात, एक टन पाणी उडवायला एक पंचमांश टन वाफ लागते. पॅनमध्ये तेच एक टन पाणी उडवायला पूर्ण एक टन लागते, कारण पॅनची वाफ पुढे कोणी वापरत नाही. ती थेट कंडेन्सरमध्ये, म्हणजे वाफ गार करून तिचे पाणी करणाऱ्या भांड्यात जाते, आणि कारखान्याजवळून जाताना दिसणाऱ्या फवाऱ्यांच्या तळ्यात तिची उष्णता हवेत निघून जाते.

आता सिरप ५५ ब्रिक्सचा (म्हणजे ५५ टक्के विरघळलेल्या घन पदार्थांचा) पॅनला दिला की ६५ चा, याने किती फरक पडतो ते मोजा. १५ टन घन पदार्थांचा ५५ ब्रिक्सचा सिरप सव्वासत्तावीस टन, ६५ चा तेवीस टन. चार टनांहून जास्त पाणी पॅनऐवजी इव्हॅपोरेटरमध्ये उडते. पॅनला ताजी एक्झॉस्ट जात असेल तर १०० टन उसामागे तीन टनांहून जास्त वाफ वाचते, आणि त्यासाठी एक रुपयाचीही नवी यंत्रसामग्री लागत नाही. इव्हॅपोरेटरच्या नळ्या स्वच्छ हव्यात, पोकळी टिकलेली हवी आणि बॉडीत साठणारी हवा बाहेर काढणारे व्हेंट नीट चालू हवेत. ही हवा काढण्याची गोष्टही रिलिएनेच सांगून ठेवली आहे. नळीभोवती हवेचा थर बसला की वाफेची उष्णता रसापर्यंत पोचतच नाही.

तसेच पॅन धुताना, मोलॅसिस (मळी) पातळ करताना, दाणा आणि मळी वेगळी करणाऱ्या सेंट्रिफ्युगलमध्ये साखरेवर पाणी मारताना हात सैल सुटला की ते सगळे पाणी परत पॅनमध्ये येते आणि पूर्ण भावाने वाफ खाते. पाण्याचा नळ उघडा दिसतो. त्यामागे जळणारी बगॅस दिसत नाही.

इंबिबिशनच्या पाण्यावरून चीफ इंजिनिअर आणि चीफ केमिस्ट यांच्यात कायम ओढाताण असते. केमिस्टला जास्त पाणी हवे, कारण चिपाडातून जास्त साखर निघते. इंजिनिअरला कमी हवे, कारण ते उडवायला वाफ जाते. माझ्या मते इव्हॅपोरेटर चांगला असेल तर केमिस्टची बाजू बहुतेक वेळा बरोबर ठरते. एका टन पाण्याला एक पंचमांश टन वाफ हा सौदा साखरेच्या भावापुढे स्वस्त आहे. इव्हॅपोरेटर घाणेरडा असेल तर दोघांचेही नुकसान.

वाचलेल्या वाफेचे पैसे कसे होतात

सहवीजनिर्मितीचा भाग इथे येतो, आणि इथेच सर्वात जास्त गैरसमज आहेत.

बॉयलरची वाफ आधी टर्बाइन फिरवते, वीज देते आणि मग एक्झॉस्ट होऊन इव्हॅपोरेटरला जाते. जुने बॉयलर २१ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाचे. नंतर ४५ आले, ६७ आले, ८७ आले, आणि आता ११० किलो दाब आणि ५४० अंश तापमान. हा दाब का वाढवला? वाफेच्या तक्त्यांवरून ढोबळ गणित केले तर २१ किलोची एक टन वाफ इव्हॅपोरेटरच्या दाबापर्यंत येताना ९० युनिटच्या आसपास वीज देते. ११० किलोची एक टन वाफ २०० युनिटच्या वर देते. इंधन मात्र टनामागे साधारण १३ टक्केच जास्त लागते. कारण वाफेतली बरीचशी उष्णता त्या ५४० किलोकॅलरींसारखी सुप्त असते, आणि ती दोन्हीकडे शेवटी रस आटवायलाच जाते. दाब वाढवण्यासाठी घातलेले जादा इंधन जवळजवळ सगळे विजेत उतरते.

जुन्या मिलना एकेक छोटी टर्बाइन जोडलेली असायची. त्यांना एका युनिटएवढ्या कामाला पंधरा-वीस किलो वाफ लागे. ती काढून इलेक्ट्रिक मोटर बसवल्या की तेच काम मोठ्या टर्बाइनच्या पाच किलो वाफेत होते. हा बदल महाराष्ट्रातल्या बऱ्याच कारखान्यांनी केला आणि तो योग्यच होता.

आता गैरसमजाकडे. रोज ५,००० टन गाळप करणारा, ११० किलोचा बॉयलर असलेला कारखाना घ्या. स्टीम ४८ टक्क्यांवरून ३८ वर आणले. रोज ५०० टन वाफ वाचली. प्रकल्प विकणारे सांगतात, ५०० टन वाफेला टनाला ३०० युनिट, म्हणजे दीड लाख युनिट. हे खरे नाही. ती ५०० टन वाफ आधीही टर्बाइनमधून जातच होती आणि दाब उतरताना वीज देतच होती. आता फरक एवढाच की इव्हॅपोरेटरला जाण्याऐवजी ती टर्बाइनच्या शेवटच्या भागातून कंडेन्सरपर्यंत जाते. त्या शेवटच्या टप्प्यात टनामागे शंभर-एक युनिट मिळतात. म्हणजे खरी वाढ ५०,००० युनिटच्या आसपास, सांगितल्याच्या एक तृतीयांश.

पण तीही छोटी नाही. युनिटला ५ रुपये धरले तर रोज अडीच लाख रुपये. ५,००० टनांनी भागले तर टनामागे ५० रुपये. १२० दिवसांच्या हंगामात तीन कोटी. ज्यांच्याकडे वीजनिर्मिती नाही त्यांची तेवढीच बगॅस वाचते, आणि ती कागद गिरण्यांना किंवा शेजारच्या कारखान्याला विकता येते. डिस्टिलरी असेल तर हंगाम संपल्यावरही तिला वाफ पुरवता येते.

बगॅसच्या ओलाव्याबाबतही असाच फुगवलेला हिशेब ऐकू येतो. ओलावा ५० वरून ४८ टक्क्यांवर आला की किलोमागचा निव्वळ उष्मांक सुमारे ५ टक्के वाढतो, हे खरे. पण त्याच वेळी बगॅसचे वजनही घटते, कारण त्यातले पाणी गेले आहे. जळणारा चोथा तेवढाच. खरा नफा त्या गेलेल्या पाण्याची वाफ करावी लागत नाही एवढाच, म्हणजे एक-सव्वा टक्का. शिवाय भट्टी चांगली पेटते हा वेगळा फायदा. ५,००० टनांच्या कारखान्यात सव्वा टक्का म्हणजे दिवसाला अठरा-वीस टन बगॅस. मिलची शेवटची जोडी नीट लावून ती मिळत असेल तर जरूर घ्यावी, फक्त खरा आकडा माहीत असावा.

बॉयलरकडे दोन मोजमापे उपयोगी आहेत. बॉयलरला जाणारे पाणी ६ अंश जास्त गरम गेले की इंधन १ टक्का वाचते. म्हणून इव्हॅपोरेटरच्या पहिल्या बॉडीचे गरम, शुद्ध कंडेन्सेट (वाफ गार होऊन झालेले पाणी) गटारात जाऊ देणे हा गुन्हा समजावा. आणि चिमणीतून जाणारा धूर २२ अंशांनी गार झाला की आणखी १ टक्का. पंप आणि पंख्यांना वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह बसवले की बचत पटकन दिसते, कारण वेग ८० टक्के केला की वीज जवळजवळ निम्मी लागते. आपला हंगाम थंडीचा. डिसेंबर-जानेवारीत तळ्यातले पाणी गार असते, कंडेन्सरला कमी पाणी पुरते, आणि तरीही अनेक ठिकाणी कंडेन्सरला पाणी देणारे इंजेक्शन पंप उन्हाळ्याच्याच वेगाने चालतात.

पाण्याचेही तसेच. १०० टन ऊस ७० टन पाणी घेऊन येतो. त्यातले बरेचसे कंडेन्सेट म्हणून परत मिळते. सोलापूर किंवा मराठवाड्यातल्या कारखान्याने ते गार करून, साफ करून वापरले तर गाळपासाठी नदी-धरणातून फारसे पाणी उचलावेच लागत नाही.

थांबलेली मिल

यंत्रांबद्दल एवढे लिहिले, पण माझे ठाम मत वेगळ्याच जागी आहे. बहुतेक कारखान्यांत वाफेची सर्वात मोठी गळती गाळप थांबण्यात असते.

मिल एक तास बंद पडली म्हणून भट्टी विझवता येत नाही. बॉयलर तापता ठेवावा लागतो, पंप आणि पंखे फिरत राहतात, पाइप आणि भांडी उष्णता सोडत राहतात. रस मात्र येत नाही. पुन्हा सुरू करताना सगळे तापमान आणि पोकळी जुळवण्यात आणखी वेळ जातो. ३८ टक्क्यांसाठी बांधलेला कारखाना असा अडखळत चालला की ४५ वर जातो, आणि मग व्यवस्थापनाला वाटते की नवे इव्हॅपोरेटर फसवे निघाले.

थांबण्याची कारणे काय असतात? मशिनरी मोडणे, नळ्या साफ करणे, आणि ‘नो केन’, म्हणजे गव्हाणीला ऊसच नसणे. शेवटचे कारण यार्डात आणि फडात असते. तोडणी टोळ्या किती आल्या, किती उचल घेऊन दुसरीकडे गेल्या, पाऊस झाला का, ट्रॅक्टर कुठे अडकले, रात्रीच्या पाळीला यार्डात किती गाड्या उभ्या आहेत, यावर बॉयलरमध्ये किती बगॅस जळणार हे ठरते. शेतकी विभाग आणि इंजिनिअरिंग विभाग यांची रोज एकत्र बैठक होते तिथे वाफेचा आकडा खाली येतो. शिवाय तोडलेला ऊस यार्डात वाळत पडला तर त्यातली साखरही घटते, तो दुहेरी तोटा.

हंगाम कमी दिवसांचे होत चालले आहेत, त्यामुळे खर्चाचा क्रमही महत्त्वाचा. कोट्यवधींचे यंत्र वर्षातले शंभर-सव्वाशे दिवसच कमावते आणि कर्जाचे व्याज ३६५ दिवस चालते. म्हणून आधी ज्याला पैसे लागत नाहीत ते: सिरपचा ब्रिक्स, व्हेंट, गळत्या, कंडेन्सेट, नळ्यांची स्वच्छता, पाणी मारणाऱ्या हाताला शिस्त. मग पाइपची जोडणी बदलून व्हेपर ब्लीडिंग. त्यानंतर मोटर आणि ड्राइव्ह. नवा बॉयलर सर्वात शेवटी. मांजरीतली वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ पासून हेच तंत्रज्ञान शिकवते आहे, तिथे शिकलेली माणसे गावोगावच्या कारखान्यांत आहेत, त्यामुळे ज्ञानाची वानवा नाही.

१९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा सभासद हा मालक असेल असे ठरले. मालकाने विचारायचे तीन आकडे आहेत. उसाच्या शेकडा प्रमाणात स्टीम किती, बगॅसची बचत किती, आणि गाळप किती तास व कशामुळे बंद होते. वार्षिक अहवालाच्या तांत्रिक तक्त्यात ते असतील तर मागच्या दोन-तीन हंगामांच्या आकड्यांशेजारी ठेवून वाचा. नसतील तर सभेच्या आधी लेखी मागा, म्हणजे चीफ इंजिनिअरला विभागवार माहिती घेऊन उत्तर देता येईल.